सोडवून आणलेले पार्सल

पार्सल घरपोच मिळत असतानाही ऑनलाइन खरेदी करणारी माणसे ते स्वतः जाऊन आणणे का पसंत करतात, या प्रश्नावर व्यवस्थापनशास्त्राच्या नियतकालिकांत गेल्या काही वर्षांत बरेच लिहिले गेले आहे. त्याला निमित्तही तसेच घडले. जर्मन टपालखात्याने २००१ मध्ये डॉर्टमुंड आणि माइन्झ या शहरांत पार्सल ठेवण्याच्या कप्प्यांची प्रायोगिक कपाटे उभी केली, पोलंडमध्ये अशी कपाटे पुढे नाक्यानाक्यावर आली, अॅमेझॉनने २०११ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये ती सुरू केली. मग ग्राहकांपुढे प्रश्नावल्या ठेवण्यात आल्या. ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशा चौकटींवर खुणा करून घेण्यात आल्या आणि निष्कर्ष निघाले ते साधारणपणे तीन शब्दांत सांगता येतील : सोय, खात्री, खासगीपणा.

हे निष्कर्ष चुकीचे आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण ज्याला शब्दांशीच काम आहे अशा वाचकाला या तीन शब्दांपाशी थांबता येत नाही. एक तर हे शब्द उत्तर देणाऱ्याचे नव्हेत. ते प्रश्न विचारणाऱ्याने आधीच छापून आणलेले असतात आणि उत्तर देणारा त्यांपुढे केवळ खूण करतो. दुसरे असे की, ‘सोय’ हा मराठीतला शब्द तरी मोठा सामाजिक आहे. जेवणाची सोय, मुक्कामाची सोय : सोय सहसा कोणीतरी कोणाची तरी करत असते. स्वतःच चालत जाऊन, रांगेत उभे राहून, ओझे उचलून आणण्याला आपण सोय म्हणत असू, तर ती नेमकी कोणाची, हे विचारावे लागते. आणि ते प्रश्नावलीत न विचारता एखाद्या ठिकाणी उभे राहून विचारावे असे मला वाटते. त्यासाठी मी वाळूज निवडले आहे.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आधीचे औरंगाबाद, या शहरातून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागले की वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये येथे सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने, औषधांचे कारखाने, बिअरचे कारखाने असा विस्तार होत गेला. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांतून, विदर्भातून आणि पुढे उत्तर भारतातूनही माणसे आली. ती बजाजनगरात, रांजणगाव शेणपुंजीत, पंढरपुरात, जोगेश्वरीत, वडगाव कोल्हाटीत भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. इथे कारखान्याला कोणी कारखाना म्हणत नाही, ‘कंपनी’ म्हणतात, आणि खोलीला खोली न म्हणता ‘रूम’ म्हणतात. कप्प्यांच्या चकचकीत कपाटांचा इथे काही रिवाज नाही. इथला स्वतः पार्सल आणण्याचा प्रकार अगदी साधा आहे : कुरिअरच्या गाळ्यावर जाणे, आलेला ओटीपी सांगणे आणि खोके घेऊन परतणे, नाहीतर ओळखीच्या किराणा दुकानात ते ठेवायला सांगून जाता जाता उचलणे.

वर मी वस्त्यांची जी नावे दिली त्यांत एक गंमत आहे, आणि मला वाटते आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तरही तिच्यातच आहे. यांतले जवळजवळ प्रत्येक नाव महाराष्ट्रात अन्यत्र कोणीतरी मोठ्याने आधीच घेऊन ठेवलेले आहे. जोगेश्वरी म्हटले की मुंबईचे उपनगर. बजाजनगर नागपुरातही आहे. रांजणगाव म्हटले की अष्टविनायकांतला महागणपती, आणि त्या शिरूर तालुक्यातल्या रांजणगावालाही पुन्हा औद्योगिक वसाहत आहेच. पंढरपुराविषयी तर बोलायलाच नको. वाळूजच्या पंढरपुरातही विठ्ठलमंदिर आहे, आषाढीला तिथेही यात्रा भरते आणि लोक त्याला कौतुकाने ‘छोटे पंढरपूर’ म्हणतात. पण पार्सलावरच्या चिठ्ठीला हे कौतुक ठाऊक नसते. अशा नावांच्या गोंधळावर उतारा म्हणूनच १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर डाकतार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार होते. एका कवीने या खंडप्राय देशाचे सहा आकड्यांत वर्गीकरण करावे, ही गोष्ट साहित्याच्या तासाला सांगण्यासारखी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूरचा पिनकोड ४१३३०४ आणि वाळूज औद्योगिक वसाहतीचा ४३११३६. पहिल्या तीन आकड्यांतले एक आणि तीन यांची अदलाबदल झाली की मराठवाड्यातला माणूस भीमेच्या काठी जाऊन पोहोचतो.

पिनकोड बरोबर असला तरी तो टपालकचेरीपर्यंतच आणतो. पुढचा पत्ता कसा असतो? अमक्यांच्या बिल्डिंगच्या मागे, तमक्या मंदिराजवळ, पाण्याच्या टाकीसमोर, वरचा मजला, तिसरी रूम. आणि रूमही कायमची नसते. ठेकेदार बदलला की कंपनी बदलते, कंपनी बदलली की रूम बदलते. भाडे वाढले की बदलते. गावाकडून भाऊ शिकायला आला की बदलते. अर्जांवर आपण ‘कायमचा पत्ता’ आणि ‘सध्याचा पत्ता’ असे दोन रकाने भरतो. कायमच्या पत्त्यावर माणूस राहत नाही आणि सध्याच्या पत्त्यावर त्याला कोणी ओळखत नाही, अशी स्थिती ज्यांची आहे त्यांना कुरिअरच्या गाळ्याचा आधार वाटला तर नवल नाही. गाळा आपल्या जागी असतो. गाळ्याला ग्राहकाचे घर सापडायला हवे अशी अटच उरत नाही, ग्राहकाला गाळा सापडला की पुरते. शास्त्रीय निबंधांत ज्याला ‘खात्री’ म्हटले आहे तिचा इथला अर्थ हा आहे.

घरपोच सेवेच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते बोलून दाखवले जात नाही. दिवसा घरी कोणीतरी असते, हे ते गृहीतक. हे ‘कोणीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई. टपालवाल्यापासून गॅसच्या टाकीवाल्यापर्यंत सगळ्या घरपोच व्यवस्थेला तिचे घरी असणे फुकट मिळत आले आहे. ज्या खोलीत चार तरुण वेगवेगळ्या पाळ्यांत काम करून राहतात, किंवा जिथे नवरा-बायको दोघेही कंपनीत जातात, तिथे ही गृहिणी नाही. फर्स्ट शिफ्टचा माणूस दुपारनंतर परततो, सेकंडचा मध्यरात्रीच्या सुमारास आणि नाइटचा माणूस, पार्सल वाटण्याच्या ऐन वेळी, दाराला आतून कडी लावून झोपलेला असतो. अनेक कंपन्यांत लाइनवर मोबाइल नेऊ देत नाहीत. तो बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे पार्सल आणणाऱ्याचा फोन येतो तेव्हा तो बंद कप्प्यात वाजत राहतो. त्यानंतर ग्राहकाच्या पडद्यावर ओळ उमटते : ग्राहक उपलब्ध नाही. मला ही ओळ आजच्या गद्यातली एक लघुतम कादंबरी वाटते. हा माणूस उपलब्ध होता. मोटारसायकलच्या सुट्या भागांपुढे आठ तास पायांवर उभा राहून तो अतिशय उपलब्ध होता. फक्त ज्याने ही ओळ लिहिली त्याच्या जगात तेवढी जागा नव्हती. अशा दोन फेऱ्या फुकट गेल्यावर तो म्हणतो, ठेवा तिथेच, शिफ्ट सुटल्यावर मी येऊन घेतो. प्रश्नावलीत याची नोंद ‘स्वयंसेवेस पसंती’ अशी होईल.

इथे पार्सल आणून देणाऱ्यावर राग काढण्यात अर्थ नाही. त्यालाही बहुधा पोहोचवलेल्या नगामागे पैसे मिळतात, बंद दारासमोर गेलेला वेळ त्याच्याच खिशातून जातो, आणि तो स्वतःही अनेकदा कालपरवापर्यंत कुठल्याशा लाइनवर उभा असलेला, ठेका संपल्यावर गाडीला पिशवी बांधलेला तरुण असतो. तोच फोनवर हळूच सुचवतो, दादा, ऑफिसवरच या ना. दोन माणसांच्या पाळ्या जुळत नाहीत. त्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे जायचे इतकाच हा तोडगा आहे. बचत होते ती तिसऱ्याची. माल ग्राहकाच्या दारापर्यंत नेण्याचा शेवटचा टप्पा वाहतुकीत सर्वांत महाग असतो हे सर्वमान्य आहे, आणि तो टप्पा ग्राहक आपल्या पायांनी, आपल्या पेट्रोलने पार करतो तेव्हा त्याचे मोल कोणाच्याही हिशेबात धरले जात नाही.

असे असले तरी याला निव्वळ सक्ती म्हणणे मला पटत नाही. कारण आपल्याकडे पार्सल जाऊन आणण्याची रीत ऑनलाइन खरेदीच्या फार आधीची आहे आणि तिच्यासाठी मराठीने एक नेमके क्रियापद राखून ठेवले आहे. व्ही.पी. कोणी ‘घेत’ नसे, व्ही.पी. ‘सोडवत’ असत. मूल्यदेय टपालाची ही पद्धत भारतात १८७७ मध्ये सुरू झाली. वस्तू आधी टपालात येणार, पैसे दिल्यावर हातात पडणार, आणि टपालखाते ते पैसे विकणाऱ्याला पोहोचवणार. फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘माल हातात पडल्यावर पैसे’ ही पद्धत आणली तेव्हा तिचे नवी युक्ती म्हणून कौतुक झाले, पण मराठी प्रकाशकांच्या सूचीपत्रांचा आणि मासिकांच्या वर्गणीचा बराच संसार पूर्वीपासून याच पद्धतीवर चालला होता. गावात पोस्टमन आठवड्यातून ठरावीक दिवशी येणार, पुस्तकाची व्ही.पी. आल्याची चिठ्ठी मिळाली की पैशांची जमवाजमव करायची, बाजाराच्या दिवशी पोस्टात जायचे आणि ती सोडवून आणायची. ठरावीक दिवसांत सोडवली नाही तर ती परत जाई. ‘सोडवणे’ हे क्रियापद आपण आणखी कशासाठी वापरतो ते आठवून पाहावे : गहाण दागिना सोडवतो, कोंडवाड्यातले गुरू सोडवतो, अडकलेल्या माणसाला सोडवतो. वस्तू आपलीच आहे, कुठेतरी अडकली आहे आणि आपण गेल्याशिवाय ती सुटणार नाही, हा भाव त्यात आहे. दारात आयते येऊन पडलेल्या खोक्याला तो मान नाही.

पगाराच्या आसपासच्या दिवसांत गाळ्यावर जाऊन रोख पैसे मोजून पार्सल आणणारा वाळूजचा कामगार व्ही.पी. सोडवणाऱ्या वाचकाचा वारस आहे असे मी म्हणेन. दारात आलेल्याला पैसे आत्ता द्यावे लागतात. नसले तर शेजाऱ्याकडे मागावे लागतात, नाहीतर ‘पुढच्या वेळी’ म्हणून परत पाठवावे लागते, आणि हे सगळे उंबऱ्यावर, सगळ्यांच्या देखत. गाळा दोन दिवसांची सवड देतो. आता मोबाइलवरून पैसे देणे सर्रास झाले असले तरी खात्यात रक्कम असण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

‘सगळ्यांच्या देखत’ या शब्दांपाशी थोडे थांबतो, कारण ‘खासगीपणा’ या तिसऱ्या शब्दाचा उलगडा तिथे होतो. टपाल आणून देणारा माणूस साहित्यात नेहमी काहीतरी जाणणारा असतो. टागोरांच्या ‘डाकघर’मधला आजारी अमल राजाच्या पत्राची वाट पाहतो, तिथे टपाल म्हणजे बाहेरच्या जगाचे आश्वासन. उलट आर. के. नारायण यांच्या ‘द मिसिंग मेल’ या कथेतला थानप्पा पोस्टमन एका कुटुंबात इतका मिसळलेला आहे की लग्नात विघ्न नको म्हणून मृत्यूची वार्ता तो स्वतःजवळ दाबून ठेवतो. कथा वाचताना आपल्याला त्याचा ओलावा जाणवतो. पण क्षणभर त्या घराच्या बाजूने पाहावे. आपल्या घरचे मरण आपल्याआधी पोस्टमनला ठाऊक असते आणि ते आपल्याला कधी कळावे हे तोच ठरवतो. वर्गात ही कथा शिकवताना थानप्पाच्या चांगुलपणावर जेवढा वेळ जातो त्याच्या अर्धा तरी त्याच्या अधिकारावर जावा.

भाड्याच्या खोल्यांच्या जिन्यात थानप्पा एक नसतो, दहा असतात. पार्सल खाली घरमालकाकडे ठेवले जाते. तो खोके हलवून पाहतो. काय मागवलंय, कितीला पडलं, भाडं मात्र थांबवायचं होय! शेजारीण विचारते. अंतर्वस्त्रे, पाळीच्या काळातल्या वस्तू, गर्भनिरोधके, गुडघ्याचा पट्टा, केस काळे करण्याचा रंग, स्पर्धा-परीक्षेची पुस्तके : लपवावे असे यांत काहीच नाही आणि सांगत सुटावे असेही काही नाही. स्पर्धा-परीक्षेच्या पुस्तकांचे कुणाला हसू येईल, पण लाइनवर काम करता करता परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला ती गोष्ट निकाल लागेपर्यंत कोणाला कळू नये असे फार वाटत असते.

आणि पार्सलावर आडनाव असते. महाराष्ट्रात आडनाव ही केवळ ओळख नसते, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. खोली दाखवण्याआधी ‘पूर्ण नाव काय?’ असे विचारणाऱ्या घरमालकाला काय जाणून घ्यायचे असते, ते विचारणारा आणि सांगणारा दोघेही जाणून असतात. खाली रस्त्यावरून मोठ्याने पुकारलेले पूर्ण नाव जिन्यातल्या सगळ्या दारांना ऐकू जाते. गाळ्यावरही चिठ्ठीवर तेच नाव असते, हे खरे. पण तिथे बोलताना आकडे बोलले जातात. शेवटचे चार आकडे सांगा, ओटीपी सांगा. एवढ्यावर काम भागते. अमेरिकेत मेम्फिस शहरी १९१६ मध्ये ‘पिगली विगली’ नावाचे पहिले स्वयंसेवा किराणा दुकान निघाले, तेव्हा मालक क्लॅरेन्स साँडर्स याला नोकरांचा खर्च वाचवायचा होता. पण गिऱ्हाईक पहिल्यांदाच विक्रेत्याला काही न विचारता, त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता फळीवरची वस्तू हातात घेऊ शकले, हेही त्याच हिशेबातून घडले. आपल्या दलित आत्मकथनांतून दुकानदाराने वरून टाकलेली, लांबून सोडलेली वस्तू ज्यांनी वाचली आहे, त्यांना फळीवरून आपल्या हाताने वस्तू उचलण्यात काय असू शकते हे समजावे लागणार नाही. मालकाचा स्वार्थ आणि गिऱ्हाइकाचा सन्मान एकाच व्यवहारात गुंतलेले असू शकतात, आणि टीका करताना आपण बहुधा पहिलाच पाहतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. हे स्वातंत्र्य सगळ्यांना सारखे नाही. सेकंड शिफ्ट करून परतणाऱ्या मुलीला रात्रीच्या वेळी आडबाजूच्या गाळ्यावर जाता येत नाही; ज्याच्याकडे गाडी नाही त्याला जड खोके आणता येत नाही; गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांचा तर प्रश्नच नको. म्हणून, लोकांना स्वतः येऊन नेणे आवडते असा निष्कर्ष काढून कोणी घरपोच सेवा आखडती घेऊ लागले तर त्याला विरोध करावा लागेल. दार आणि गाळा असे दोन्ही पर्याय उघडे असतील तेवढा वेळच ‘निवड’ हा शब्द वापरता येतो.

‘स्वयंसेवा’ या शब्दाविषयीही मला शंका आहे. ‘सेल्फ सर्व्हिस’चे हे भाषांतर कोणी आणि कधी रूढ केले असेल ते असो, मराठीत त्याच्या शेजारी ‘स्वयंसेवक’ हा शब्द उभा आहे. स्वयंसेवक स्वेच्छेने दुसऱ्याची सेवा करतो. दुष्काळात, पुरात, वारीत आपण त्याला पाहतो. स्वयंसेवा करणारा ग्राहक मात्र स्वतःचीच सेवा करतो अशी समजूत आहे. वाळूजच्या गाळ्यावर उभे राहिले की वाटते, जुना अर्थ पुरता गेलेला नाही. विक्रेत्याचे वाहतुकीचे काम तो विनामोबदला करून देतो, पार्सलवाल्याची फेरी वाचवतो, रूममधल्या झोपलेल्या सोबत्याची खोकीही ओटीपी विचारून घेऊन आपल्याबरोबर आणतो. त्यातली शेवटची सेवा तेवढी त्याने खऱ्या अर्थाने स्वेच्छेने केलेली असते.

आता टपालखात्याने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. सगळा देश साधारण चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांकांचा संकेत दिला आहे. वेलणकरांच्या सहा आकड्यांनी माणूस टपालकचेरीपर्यंत सापडत होता; हा संकेत त्याला दारापर्यंत शोधेल. वाळूजचे पंढरपूर आणि भीमाकाठचे पंढरपूर यांची गफलत त्यामुळे संपावी, आणि तेवढ्यापुरते त्याचे स्वागतच करायला हवे. चार मीटरांचा चौकोन म्हणजे रांजणगावातली एक रूम, फार तर तिच्यासमोरची गॅलरी. तिच्या वरच्या मजल्यावरच्या रूमचा संकेत तोच असेल, त्याच्याही वरचीचा तोच. त्या एका चौकोनात चौघे राहतात; एक फर्स्टला गेला आहे, एक सेकंडला निघाला आहे, एक सुट्टी घेऊन गावी गेला आहे, आणि चौथा नाइट करून आल्यावर नुकता झोपला आहे.